टोकाच्या खोलीतला वर्ग

जूनमधला सोमवार, शाळा उघडली तो दिवस. हजर : नयना, फिरोज, योगेश, बेबी, मदतनीस कुंदाबाई आणि मी. गैरहजर : कोणी नाही. पंखा बंद, नळ चालू, गॅस आलेला.

माझ्या पहिल्या वर्गाची ही पहिली नोंद. हजेरीबरोबर पंख्याचं आणि नळाचंही लिहून ठेवायची सवय मला तेव्हापासून आहे. नुसती मुलं आली म्हणून वर्ग भरत नाही, मुलांना आणि वस्तूंना एकमेकांशी जमवून घ्यावं लागतं. विशेष शिक्षणाची पदविका नुकतीच हातात पडली होती आणि मी स्वतःला फार शहाणी समजत होते. घरी मात्र आई अजून माझ्या ताटाकडे बघत बसायची, भाकरीचा तुकडा उरलेला तिला खपायचा नाही. माणूस कॉलेजात मोठं होतं असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते त्या वर्षी झालं, जून ते दिवाळी एवढ्या अवधीत, आणि त्यातलं निम्मं आमच्याच चाळीच्या टोकाच्या खोलीत.

नेरुळच्या शाळेने आम्हाला तळमजल्यावरची जुनी प्रयोगशाळा दिली होती. तिथे दगडी ओटा होता, ओट्याला बेसिन होतं आणि बेसिनला नळ होता. तो नळ बघून मला झालेला आनंद अजून आठवतो. जीवनकौशल्याचा वर्ग म्हणजे स्वयंपाक, कपडे, झाडलोट, दुकानातली खरेदी, दाराची कडी-कुलूप, म्हणजे घरी जे जे लागतं ते सगळं. मी मे महिनाभर ती खोली लावत होते. प्रत्येकाच्या खुर्चीला वेगळ्या रंगाची पट्टी, चपलांची जागा जमिनीवर आखलेली, शेगडीच्या बटणावर लाल चिकटपट्टी, आणि ओट्याच्या वर भिंतीवर चित्रांची ओळ. पातेलं, डाळ-तांदूळ, नळ, शेगडी, झाकण, ताट. अक्षर न येणाऱ्यालाही खिचडी करता यावी अशी ती ओळ होती. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वा, किती नीटनेटकं!" आणि मला ते मनापासून पटायचं.

मुलं म्हणजे चार वेगळी गावं. फिरोज उंच, देखणा, स्वमग्न. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून टेबलाखाली जायचा आणि मग त्याला बाहेर काढणं कठीण. योगेशचा उजवा हात आणि दोन्ही पाय जन्मापासून आखडलेले, तो चाकाच्या खुर्चीत असायचा. पण जीभ अशी की सेक्टरभर पुरावी. "टीचर, टेन्शन नका घेऊ, मी बसूनच आहे," हा त्याचा रोजचा पहिला विनोद. बेबीला ऐकू येत नव्हतं आणि शिकायला वेळ लागायचा, पण हात चपळ. तिने पहिल्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांना खुणेची नावं दिली. माझी खूण म्हणजे तळहातावर बोटाने मारलेली बरोबरची रेघ. मला ती फार आवडली. बेबी ती थट्टेने करायची, कायम वहीत खुणा करत बसणारी बाई म्हणून, हे योगेशने मला पुष्कळ उशिरा सांगितलं.

आणि नयना. एकोणीस वर्षांची, डाउन सिंड्रोम असलेली, गोल चेहऱ्याची, एका वेळी दोन शब्द बोलणारी. तिची आई लताबाई तुर्भ्याच्या वस्तीत एका खोलीत राहायची. मूळचे मराठवाड्याकडचे लोक. नवरा गेल्यावर लताबाई पहाटे मार्केटात कांदा-लसूण निवडायला जायची आणि दुपारी परतायची. तेवढा वेळ शेजारची म्हातारी नयनाकडे लक्ष ठेवायची, ती आता मुलाकडे राहायला गेली होती. शाळा होती ती आठवड्याचे सगळे दिवस नव्हतीच, आणि वयाप्रमाणे नयनाचं ते शेवटचं वर्ष. गावाहून तिचा मामा आला होता. त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी एका निवासी संस्थेत चौकशी करून ठेवली होती, दिवाळीनंतर तिथे जागा होणार होती.

"म्या काय दुश्मन हाय का तिचा, मॅडम?" मामा मला पहिल्या भेटीत म्हणाला. तो खरंच दुश्मन नव्हता. "बहीण कामाला गेल्यावर पोरगी एकटी. दार उघडं टाकती. कुनीबी यावं, कुनीबी जावं. कुलूप लावून कोंडायचं म्हनलं तर ते तरी बरं दिसतं का? सांगा तुमीच."

तो चहाचा कप ठेवायला बाहेर गेला तेव्हा लताबाई एकदम माझा हात धरून म्हणाली, "टीचर, तिला एवढं शिकवा. दुपारपत्तोर एकटी राहू द्या. बाकी मला काय नको."

त्यामुळे माझं काम अगदी साफ होतं. नयनाने सकाळ एकटीने काढायची, स्वतःचं जेवण करायचं, गॅस बंद करायचा, दार अनोळखी माणसाला उघडायचं नाही. इतकं जमलं तर ती आईजवळ राहणार. नाही जमलं तर जाणार.

गणपतीच्या आत नयना खिचडी करायला लागली. चित्रांच्या ओळीवर बोट ठेवत, ओठ घट्ट मिटून, एकही पायरी न चुकवता. झाकण ठेवलं की दोन्ही हात कमरेवर घेऊन कुंदाबाईकडे बघायची. आम्ही बाकीच्या पाचही जणांनी ती खिचडी खाल्ली. फिरोजने दोनदा घेतली. लताबाईला बोलावून दाखवलं, तर ती नळाशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहून रडायलाच लागली. मग ठरलं की विसर्जन झालं की रविवारी मामासमोर घरीच खिचडी करून दाखवायची.

रविवारी मी तुर्भ्याला गेले. मामा खाटेवर बसला होता. नयनाने वर्गातला एप्रन घातला, पातेलं घेतलं, डब्यातून डाळ-तांदूळ मोजून घातले. सगळं झकास. मग ती डावीकडे वळली आणि पातेलं भिंतीपुढे धरून उभी राहिली. आमच्या वर्गात डावीकडे नळ होता. इथे भिंत होती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि खाली कोपऱ्यात झाकण लावलेला निळा ड्रम. गल्लीत सकाळी पाणी यायचं, ते भरून ठेवायचं, दिवसभर मगाने घ्यायचं. तहान लागली की नयना रोज त्याच ड्रममधून पाणी प्यायची. पण खिचडीचं पाणी नळातून येतं असं तिला शिकवलेलं होतं, आणि पक्कं शिकवलेलं होतं. ती नळाची वाट बघत उभी राहिली.

"अगं, ड्रमातलं घे की!" लताबाई ओरडली. झालं. नयना दचकली, पातेलं खाली ठेवून तिथेच फतकल मारून बसली आणि तिने एप्रन तोंडावर ओढून घेतला.

मामा खाटेवरून उठला. मग म्हणाला, "दिवाळीला येतो म्या परत. तवर बघा तुमचं."

शिरवण्याला घरी आले तेव्हा बाबा रात्रपाळी करून आलेले, आतल्या खोलीत झोपले होते. ते झोपले की आम्ही भावंडं कुजबुजायचो, भांडी पदरात धरून ठेवायचो. आई मात्र आपल्या नेहमीच्याच आवाजात बोलायची आणि बाबा नेहमीसारखेच झोपायचे. घरामागे आमच्या चाळीच्या खोल्या होत्या, कारखान्यांतले भाडेकरू राहायचे. एका दारातून भोजपुरी, दुसऱ्यातून कन्नड, तिसऱ्यातून तेलाच्या फोडणीचा चर्र आवाज, आणि या सगळ्याच्या मागे हायवेवरच्या ट्रकांची अखंड घरघर. आई चुलीशी बसली होती. गॅस असूनही सुके बोंबील ती चुलीवरच भाजायची. वासाने डोळ्यांत पाणी येत होतं, त्यामुळे माझं रडणं वेगळं दिसलं नाही.

"काय झाला गो?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. तांदळाची भाकरी थापता थापता तिने ऐकून घेतलं.

"मंग? तिला नल नाय भेटला म्हनून तू जेवनार नाय काय?"

"आई, वर्गच चुकलाय. तिथं शिकलेलं तिथंच राहतं. मला त्यांच्या घरासारखी खोली पाहिजे."

"टोकाची खोली खाली हाय," आई म्हणाली. "घेऊन ये पोरांना. ड्रम हाय, शेगडी हाय, मी पन हाय. आता जेव."

आज मला लोक विचारतात की ही पद्धत तुम्ही कुठून घेतली. मी सांगते, बोंबलाच्या धुरातून. पुढे सगळं पुस्तकातही सापडलं, त्याला मोठी नावंही आहेत. पण मी ते आधी केलं आणि नंतर वाचलं, या गोष्टीचा मला अजून माज आहे.

मुख्याध्यापिकांनी पालकांच्या सह्या मागितल्या, त्या मी आणल्या. आठवड्यातले काही दिवस वर्ग आमच्याकडे भरायला लागला. योगेशची खुर्ची गल्लीत शिरली की भाडेकऱ्यांची पोरं बाजूला होऊन तिला ट्रकसारखी वाट द्यायची आणि योगेश तोंडाने हॉर्न वाजवायचा. मी रंगीत पट्ट्या काढून टाकल्या. भिंतीवर एकही चित्र लावलं नाही. त्याऐवजी प्रत्येकाच्या आईला सांगितलं, तुमच्या घरचं पातेलं द्या, तुमचाच लायटर, तुमचाच मग, तुमच्या दाराला असते तसली कडी. मुलाचा दिवस आला की ती खोली त्याचं घर व्हायची. नयनाच्या दिवशी डावीकडे भिंत आणि कोपऱ्यात निळा ड्रम. पहिल्या दिवशी ती पुन्हा भिंतीपुढे उभी राहिली. मी काही बोलले नाही. आईला बोलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि गप्प बसण्याचे आईला किती कष्ट होतात ते मी तेव्हा पाहिलं. शेवटी नयनाने ड्रमकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि ड्रमवरचा मग उचलला. योगेश ओरडला, "आऊट ऑफ मार्क्स!" पुढच्या दिवशी मी ड्रमच्या जागी कळशी ठेवली. त्याच्या पुढच्या दिवशी बादली. तिला कळू दे की पाणी कुठूनही आलं तरी खिचडी होते.

बाकीच्यांचंही पुढे सरकलं. आईने पाटावर खालून एक लांब खिळा ठोकून दिला. त्यावर कांदा रोवून योगेश डाव्या हाताने चिरायचा आणि चिरताना सगळ्यांना दम द्यायचा. फिरोजसाठी कुकर बंद करून चालणार नव्हतं, त्याच्या घरी रोज कुकर लागत होता. मी त्याला कुकर लावून दाराबाहेर जायला शिकवलं. बाहेर ओट्यावर बसून कान दाबायचे आणि शिट्ट्या मोजायच्या. महिनाभरात तो आख्ख्या चाळीच्या शिट्ट्या मोजू लागला. कुठल्या खोलीचा कुकर झाला की दारावर थाप मारून "हो गया, बंद करो" असं सांगून यायचा. बायका म्हणायच्या, तुमच्या सुट्टीत आमची डाळ लागते हो.

दाराचं काम सगळ्यात अवघड होतं. नयनाला माणसं आवडायची. दार वाजलं की तिचा चेहरा उजळायचा. ओळखीचा कोण आणि परका कोण, हे तिला समजावणं माझ्याच्याने होईना. शेवटी मी नियम छोटा केला. आईच्या हाकेवर दार उघडायचं, बाकी कोणालाही "आई नाही" म्हणायचं. लताबाई मार्केटातून उन्हातान्हाची परतायची तेव्हा गल्लीतूनच ओरडायची, "नयने, पानी दे!" ती हाक मी किल्ली म्हणून ठरवली.

परका माणूस व्हायचं काम माझ्या आईने अंगावर घेतलं, कारण मुलं तिला आजी म्हणायची आणि तिच्यासाठी दार उघडायचा मोह सगळ्यात मोठा होता. "उघड गो, शेंगदान्याचा लाडू आनलाय," ती बाहेरून गोड आवाजात म्हणायची. पहिल्या आठवड्यात नयनाने दर वेळी दार उघडलं, लाडू खाल्ला आणि पुन्हा आत जाऊन बसली. दुसऱ्या आठवड्यात तिने "आई नाही" म्हणून दार उघडलं. त्यानंतर एक दिवस आतून "आई नाही" आलं, कडी वाजली नाही, आणि खिडकीच्या गजांतून एक हात तेवढा बाहेर आला, लाडवासाठी.

आई इतकी हसली की बाबा उठून बाहेर आले. "पोरगी तुज्याहून शानी झाली," ते आईला म्हणाले आणि परत झोपायला गेले.

आईला मात्र चेव आला. ती लताबाईची नक्कल करायला लागली. मराठवाड्याचा सूर काढून, गल्लीच्या टोकापासून, "नयने, पानी दे!" आतून नयनाचा आवाज आला, अगदी शांत : "तू आजी." चाळभर टाळ्या पडल्या. बेबीला ऐकू आलं नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून तीही टाळ्या वाजवत होती, आणि मग तिने मला खूण केली. तळहातावर बरोबरची रेघ. या वेळी थट्टा नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर मामा आला. ठरलं होतं असं : मी मार्केटच्या फाटकाशी लताबाईला भेटायचं, दोघींनी मिळून घरी जायचं, मामाने दुपारी यायचं. आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा आधी गर्दी दिसली. मी धावतच सुटले. पुढे जाऊन बघते तर दार बंद, आणि दारासमोर एका उपड्या क्रेटवर मामा बसलेला, पायाशी पिशवी, शेजारणी भोवती उभ्या राहून हसताहेत.

"गाडी लवकर लागली," तो मला म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तवापासून बसलोय. दार वाजिवलं, मामा हाय म्हनलं, गावाहून आलोय म्हनलं. आतून म्हनती, आई नाही."

"मग?"

"मग काय? तहान लागली म्हनलं. तर खिडकीतून तांब्या दिला. भरून. दार न्हाई उघडलं." त्याने बंद दाराकडे बोट केलं. "रागावून बी बघितलं, मॅडम. म्हनली, आई नाही."

"आमी पन सांगितलं तिला, तुझा मामाच हाय," एक शेजारीण म्हणाली. "ऐकंल तर शप्पथ!"

लताबाई हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. तिने घाम पुसला आणि हाक मारली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा मारली. "नयने, पानी दे!"

कडी वाजली. नयना एप्रन घालून दारात उभी होती, हातात भरलेला पेला. आत खिचडी झाकून ठेवली होती, शेगडी बंद, सिलिंडरची कळही बंद. मी ती हात लावून पाहिली. तेवढी खात्री करून घेतल्याशिवाय मला कधीच राहवत नाही.

मामाने ताट घेतलं, पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, "मीठ न्हाई यात."

नयना त्याच्याकडे बघत होती, दोन्ही हात कमरेवर.

"लोनचं असलं तर दे," तो लताबाईला म्हणाला आणि सगळी खिचडी संपवली. मग हात धुऊन, दारात उभं राहून, कोणाकडेही न बघता बोलला, "म्या त्या संस्थेवाल्यांना कळवतो. जागा दुसऱ्या कुनाला द्या म्हनतो."

त्या दिवशी मी तुर्भ्याहून शिरवण्यापर्यंत चालत आले. रिक्षा मिळत होती, पण मला चालायचं होतं. वाटेत ट्रक उभे होते, ड्रायव्हर जेवत होते, आणि मला त्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं की एका मुलीने आज मामाला दाराबाहेर ठेवलं. आईने ऐकलं आणि लगेच बोलली, "मिठाचा उद्या बगू."

नवीन मूल वर्गात आलं की मी आजही आधी त्याच्या घरी जाते आणि पाणी कुठून येतं ते पाहते. टोकाची खोली पुढे दोन खोल्यांची झाली. आता तिथे मोठी इमारत आहे आणि तळमजल्यावर आमचा वर्ग. योगेश तिथे फोन सांभाळतो, आणि अजून मला टेन्शन घेऊ नका म्हणतो. नयना चाळिशीला टेकली. वस्ती गेली, त्यांना इमारतीत खोली मिळाली, खोलीत नळ आला, आणि तो नळ तिला नव्याने शिकवावा लागला. आई बाहेर गेली की एकटी राहते, स्वयंपाक करते, खिचडीत आता मीठ थोडं जास्तच असतं.

लताबाईच्या गुडघ्यांनी मार्केट सोडायला लावलं. गेल्या वर्षीपासून तिचा आवाजही बसत चाललाय. डॉक्टरकडे जाऊन येते तेव्हा दाराबाहेर तिला दोनदा, तीनदा हाक मारावी लागते. ते पाहून मी माझ्या यादीत एक काम लिहिलं : नयनाला दुसरा आवाज शिकवणे. लताबाईला विचारलं, कोणाचा? ती म्हणाली, तुमचाच. म्हणून दर बुधवारी वर्ग सुटल्यावर मी जिना चढून तिच्या दाराबाहेर उभी राहते आणि हाक मारते. लताबाई आत गप्प बसून असते, तसं ठरलंय.

परवाही गेले होते. "नयना, मी टीचर. दार उघड."

आतून उत्तर आलं, "आई नाही."